चार बोटांची कणीक

करतारो माई कणीक बघून घर ओळखायची. परातीवरचा ओला फडका बाजूला केला की झालं. कोणाची घट्ट, कोणाची सैल, कोणाच्या हातून मीठ जास्त पडतं, कोणाकडे आता सून मळायला लागली आहे, सगळं तिला कळायचं. आणि कळलेलं पोटात ठेवायची तिला सवय नव्हती. "नी चोपरानी, आज नवऱ्याशी भांडलीस का? कणीक आणलीस की दगड?" गल्लीत हशा पिकायचा आणि चोप्राआंटी, आमच्या घरमालकीणबाई, भांडण झालेलं असो वा नसो, लाजून पदर सारखा करायच्या.

माईचं बोलणं सगळं पंजाबी. इथे मी ते माझ्या मराठीत लिहिते आहे, पण तिची ती 'नी' तेवढी तशीच ठेवते. बाईमाणसाला हाक मारताना पंजाबीत 'नी' म्हणतात. आपल्याकडच्या 'अगं'मध्ये तो चटका नाही.

चंडीगढमधल्या सेक्टरच्या घरांना दोन तोंडं. पुढे रस्ता, फाटक, गुलाबाच्या कुंड्या. मागे अंगण, आणि अंगणाचं दार उघडलं की अरुंद गल्ली. पुढच्या दाराने पाहुणे येतात, मागच्या दाराने शेजार येतो. आमच्या सेक्टर एकवीसमधल्या गल्लीच्या टोकाला तुतीचं मोठं झाड होतं आणि त्याखाली माईचा तंदूर. उन्हाळ्यात संध्याकाळी घराघरांतून बायका मळलेल्या कणकेची परात घेऊन तिथे जमायच्या. एवढ्या उकाड्यात घरात गॅसपुढे कोण उभं राहणार? माई गोळे करायची, ओल्या हातावर थापायची आणि कमरेत वाकून तंदुराच्या आतल्या भिंतीला चिकटवायची. प्रत्येक रोटी चिकटवताना तोंडाने 'वाहेगुरू'. मी नाम घेते ते माळेवर, ती घ्यायची रोट्यांवर. तिचंच जास्त होत असणार. पैसे घेत नसे. प्रत्येक परातीतला एक गोळा बाजूला काढायचा, हीच मजुरी. त्या गोळ्यांच्या रोट्या ती खायची, आणि उरलेल्या ज्याला लागतील त्याला द्यायची.

उंच, हाडापेराने मजबूत. धगीने कोपरापर्यंत हात तांबूस झालेले, त्यांवर लव म्हणून उरली नव्हती. ती मूळची इथलीच. 'इथलीच' म्हणजे चंडीगढची नव्हे. चंडीगढ व्हायच्या आधीची. जिथे आता सेक्टर आहेत तिथे पूर्वी गावं होती, त्यांतल्या एका गावात ती नवरी होऊन आली होती. शहर बांधायचं ठरलं, जमिनी गेल्या, गाव उठलं. माणसं पांगली, पण माई काही फार लांब गेली नाही. "ती बँक आहे ना, तिथे माझी म्हैस बांधलेली असायची," ती सांगायची, "मॅनेजर जिथे बसतो, बरोबर तिथे." हे सांगताना तिच्या आवाजात खंत नसे. मॅनेजरची गंमत वाटायची तिला.

मी तिला पहिल्यांदा भेटले ते चौऱ्याऐंशीच्या मार्चअखेरीला. हे हवाई दलात. इथे बदली झाली तेव्हा हवाई तळावरची घरं भरलेली, म्हणून आम्ही चोप्राआंटींची माडी भाड्याने घेतली होती. मला दिवस गेलेले होते. त्याआधी बेळगावला असताना आमचं पहिलं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. त्याबद्दल मी इथे कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं की पुन्हा तसं होईल, अशी काहीतरी समजूत मनात धरून बसले होते.

"चल बेटा, आमचा तंदूर बघ," म्हणून चोप्राआंटी मला घेऊन गेल्या. मी आपली मिरजेच्या पद्धतीने पोळ्यांची कणीक मळून नेली होती. सैल, आणि तेलाचा हात चांगला सढळ. माईने गोळा थापला, आत चिकटवला. तो भिंतीवरून हळूच घसरला आणि निखाऱ्यात पडला. दुसरा लावला, तोही गेला. माईने सळईने दोन्ही बाहेर काढले, कोळसा झालेले, आणि माझ्याकडे पाहिलं.

"नी, हा आटा आहे की हलवा?"

बायका हसून हसून भिंतीला टेकल्या. मी रडायच्या बेताला आले.

"तेल घालतेस?"

"हो. आमच्याकडे घालतात."

"तुमच्याकडे तव्यावर घालत असतील. माझ्या तंदुराला तेल लावलंस तर तो काय धरणार? घसरगुंडीवर पोर बसतं का कधी?" मग परातीकडे बोट दाखवून म्हणाली, "आणि हे काय? मांजर चालून गेलं?"

कणकेच्या गोळ्यावर माझ्या चार बोटांचे ठसे होते. मी तोडक्यामोडक्या हिंदीत सांगितलं. आमच्याकडे कणीक मळून झाली की तिच्यावर बोटं उमटवतात. गुळगुळीत गोळा ठेवला तर तो पिंडासारखा दिसतो, मेलेल्यांसाठी ठेवतात तसा. बोटं उमटवली की कळतं, हे जिवंत माणसांचं अन्न आहे. माझ्या सासूबाईंनी सांगितलेली रीत. हे ऐकून आता पुन्हा हशा होणार असं मला वाटलं.

माई हसली नाही. एवढंच म्हणाली, "बरोबर आहे. ज्याचं त्याचं वेगळं असावं."

त्या दिवसापासून माझं नाव 'चार बोटांवाली'. तेल सोडलं, कणीक घट्ट झाली, रोट्या भिंतीला धरू लागल्या. बोटं मात्र मी सोडली नाहीत.

मे महिना बरा गेला. पावलांवर सूज येत होती आणि रक्तदाब थोडा वर होता, म्हणून हॉस्पिटलमधल्या डॉक्टरीणबाईंनी दर आठवड्याला दाखवायला सांगितलं होतं. मिरजेहून आई येणार होती, डोहाळजेवणाची हिरवी साडी आणि बांगड्या घेऊन. तिचं तिकीटही काढून झालं होतं.

आणि जून उजाडला.

अमृतसरला काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे, ते मी सांगायला नको. आमच्याकडे कर्फ्यू लागला. गाड्या बंद, टपाल बंद, बाहेरगावचे फोन बंद. हे हवाई तळावर अडकले, सुटी कोणालाच नाही. चोप्राआंटींचा फोन शहरापुरता चालू होता. त्यावर ह्यांचा कधीतरी एक मिनिटाचा फोन यायचा.

"ठीक आहेस ना?"

"हो. तुम्ही?"

"मी ठीक. तपासणी?"

"कर्फ्यू सुटला की जाईन."

हॉस्पिटल काही परदेशात नव्हतं. मोठा रस्ता ओलांडून, दोन सेक्टर पलीकडे. पण त्या रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, फक्त चौकात वाळूच्या गोण्या आणि त्यांच्यामागे जवान. मी माडीच्या खिडकीत बसून तो रिकामा रस्ता बघायची. आठवा महिना लागला होता.

माझ्या मनाचं त्या दिवसांत काय झालं ते नीट सांगता येत नाही. बाळ हललं की वाटायचं, हे शेवटचं. नाही हललं की वाटायचं, झालं. ताटावर बसले की घास फिरायचा. देवापुढे निरांजन लावायची, ओठ हलायचे, पण शब्द कुठल्या कुठे. देवाशी माझी अबोला धरल्यासारखी गत. रोज चार ओळी लिहायची माझी जुनी सवय, तीही सुटली. खाली चोप्राआंटी होत्या, हाक मारली असती तर धावून आल्या असत्या. पण हाक मारायची म्हणजे बोलायचं, आणि बोललं की ते खरं होणार. तंदुराला जायचंही मी बंद केलं. "पाय दुखतात," एवढं सांगून परात आंटींच्या हाती द्यायची.

तंदूर मात्र कर्फ्यूतही चालू होता. पोलीस आणि जवान पुढच्या रस्त्यावर. मागच्या गल्लीत कोण बघतं? बायका अंगणाच्या दारातून भिंतीच्या कडेने तुतीच्या झाडापर्यंत जायच्या. गल्लीच्या तोंडाशी एक केरळी जवान उभा असायचा. पहिल्या दिवशी तो ओरडला. माईने त्याला गरम रोटी आणि कांदा नेऊन दिला. दुसऱ्या दिवसापासून तो संध्याकाळी पाठ फिरवून उभा राहू लागला.

तर त्या दिवशी सकाळपासून मला काही हालचाल जाणवली नव्हती, असं मला वाटत होतं. खरंच नव्हती की माझं लक्षच बधिर झालं होतं, देव जाणे. कणीक मळली, कारण हातांना सवय असते. परात झाकली आणि आंटींना दिली. पुन्हा येऊन खिडकीत बसले.

थोड्या वेळाने मागच्या जिन्यावर पावलं वाजली. माई यायची तर तिची पावलं आधी पोचत. ती वर माझ्या माडीवर कधी आली नव्हती.

"नी मराठण! ही कोणाची कणीक?"

तिच्या हातात माझीच परात.

"माझीच आहे, माई."

"खोटं. तुझ्या कणकेवर बोटं असतात."

मी परातीत पाहिलं. गोळा गुळगुळीत होता. वाटोळा, पांढरा, चकचकीत.

"विसरलीस?"

"हो" म्हणाले असते तर ती खाली गेली असती. का कोण जाणे, खोटं बोलवलं नाही. "नाही," म्हटलं. "नाही उमटवली. काय उपयोग, माई?" आणि मग बेळगावचं सगळं बाहेर पडलं. ते बाळ, आठवा महिना, सकाळपासून पोटात काही नाही. इतके दिवस न बोललेलं, हिंदी-मराठी सगळं एक करून, मी तिच्यापुढे ओतलं.

माईने परात माझ्यापुढे जमिनीवर ठेवली आणि स्वतः समोर बसली.

"हे बघ. मी दाई नाही, डॉक्टर नाही. तुझ्या पोटात काय आहे ते मला दिसत नाही. पण मेलेल्यांचा गोळा मी माझ्या तंदुरात लावत नाही. बोटं उमटव."

"नको, माई."

"मग खाली चल आणि बायकांना तूच सांग. तंदूर तापलाय, सगळ्या परात घेऊन उभ्या आहेत. आज तुझी परात पहिली आहे. तुझी लागल्याशिवाय दुसरी लागणार नाही."

"असं कसं? त्यांची पोरं उपाशी राहतील."

"राहू देत. तूच त्यांना सांग, मला बोटं उमटवायची नाहीत म्हणून तुमची पोरं उपाशी." ती उठली, परात उचलली. "नी, उठ! माझे निखारे बसतायत."

मी उठले. तिच्यावर रागावूनच उठले, खरं सांगते. त्या रागानेच जिना उतरले असेन. गल्लीत बायका खरंच ओळीने उभ्या होत्या, डोक्यावर, कडेवर परातींचा भार. आणि माईने, ओळीपाशी पोचायच्या आधीच, मोठ्याने सांगून टाकलं.

"हिला वाटतंय पोटातलं पोर गेलं. आधी एक गेलंय. आणि ही बाई माडीवर एकटी बसून ते चघळतेय. आपल्याला कोणाला सांगितलं नाही!"

धरणी दुभंगावी असं मला झालं. पण गंमत अशी की जे इतके दिवस उच्चारायची भीती होती, ते माईच्या खणखणीत आवाजात गल्लीभर ऐकू गेलं आणि तरीही आभाळ जागच्या जागी राहिलं. तुतीवर चिमण्या ओरडत होत्या. चोप्राआंटींनी परात खाली ठेवून मला धरलं. "हाय मैं मर जावां! माझ्याच माडीवर राहते आणि मला पत्ता नाही?"

ओळीत शेवटून दुसरी एक सडपातळ बाई होती. ग्रेस मसीह. मी तिला रोज बघायची, पण ती कोण हे मला माहीत नव्हतं. कधी विचारलं नव्हतं. ती पुढे आली.

"कितवा महिना?"

"आठवा लागलाय."

"शेवटचं कधी दाखवलंस?"

"कर्फ्यूच्या आधी."

"ब्लड प्रेशर?"

"थोडं वर होतं."

"वा!" ग्रेसने कपाळाला हात लावला. "जन्मभर बाळंतपणं केली मी. गेल्याच वर्षी रिटायर झाले. त्या हिरव्या दाराच्या घरात राहते. इतके दिवस तुझ्यामागे ओळीत उभी राहिले, आणि तू रस्ता ओलांडायची वाट बघत बसलीस?"

"तिला काय माहीत तू नर्स आहेस," आंटी म्हणाल्या.

"आणि मला काय माहीत ती रडतेय," ग्रेस म्हणाली. "मराठे लोक इतके गुपचूप असतात का गं?"

ती घरी जाऊन रक्तदाबाचं यंत्र आणि पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायची लाकडी नळी घेऊन आली. आंटींच्या अंगणात चारपाई टाकली. मी आडवी झाले. ग्रेसने नळीचं रुंद तोंड पोटावर टेकवलं, दुसऱ्या टोकाला कान लावला. एका जागी, मग जरा खाली, मग उजवीकडे. बायका परातींसकट दारात गोळा झालेल्या. एकीची बांगडी वाजली तर दुसरीने तिचा हात धरला. मी डोळे मिटले. माळ वर राहिली होती, म्हणून बोटांच्या पेरांवर नाम मोजू लागले, पण पहिल्याच पेरावर अडकले.

"आहे," ग्रेस म्हणाली. "आहे, आहे. टांग्याच्या घोड्यासारखं धावतंय."

आंटींनी "मलाही, मलाही" करत कान लावला आणि किंचाळल्या, "टक टक टक! हाय रब्बा!" मग ज्या बाईला ऐकावंसं वाटलं तिने ऐकलं. माई मात्र आली नाही. "माई, ऐक तरी!" आंटींनी हाक मारली, तर गल्लीतून उत्तर, "मला काय ऐकवता? तिला सांगा, बोटं उमटव, निखारे मरायला लागले!"

मी चारपाईवरून उठले, गल्लीत गेले आणि कणकेवर बोटं दाबली. चारही, खोलवर. बोटं बाहेर काढवेनात. माईने परात ओढून घेतली. "पुरे. आता भोकं पडतील."

रक्तदाब मात्र वरच होता, आधीपेक्षा वर. ग्रेसने त्याच चारपाईवर बसून मला खडसावून सांगितलं. मीठ बंद, आराम, डाव्या कुशीवर झोपायचं, रोज संध्याकाळी तिच्याकडे तपासणी. डोकं फार दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली तर क्षणाचाही उशीर न करता हाक मारायची. "मग कर्फ्यू असो की प्रलय, फोन करून मी गाडी मागवीन. समजलं? लपवायचं नाही."

त्यानंतर कर्फ्यू सुटेपर्यंत रोज संध्याकाळी मी तुतीखाली चारपाईवर. जाणं माझ्या मर्जीवर नव्हतं. एखाद्या दिवशी उशीर झाला की खालून हाक यायची, "चार बोटांवाली! परात पहिली तुझी आहे!" माझी कणीक आता अळणी. ठसे बघून माई ती वेगळी लावायची, दुसऱ्या कोणाच्या रोट्यांत मिसळू देत नसे. रक्तदाब घेऊन झाला की बायका मला बोलतं करायच्या. पुरणपोळी म्हणजे काय, समुद्र कसा असतो. मिरजेला समुद्र नाही हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. "महाराष्ट्र ना? मग समुद्र असणारच," चोप्राआंटी म्हणायच्या.

भीती गेली असं नाही. पहाटे जाग आली की ती उशाशी बसलेली असायचीच. पण संध्याकाळ ठरलेली होती, तिथवर दिवस ढकलता यायचा. आणि हळूहळू देवापुढे बसले की शब्द परत येऊ लागले. मला वाटतं, देवाने माझा अबोला मनावर घेतला नव्हता. त्याने फक्त निरोप दुसरीकडून पाठवला.

कर्फ्यू सैल झाल्यावर ग्रेस स्वतः मला रिक्षाने हॉस्पिटलात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी दाखल करून घेतलं. हे आले, दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले, आणि माझ्या पलंगाशी स्टुलावर बसून सरळ झोपून गेले. आईची गाडी सुरू झाली आणि ती आली. जुलैच्या शेवटी मुलगी झाली. लहानखुरी, पण आवाज असा की पलीकडच्या वॉर्डातल्या बायका विचारायला आल्या.

घरी आणल्यावर गुढतीचा प्रश्न निघाला. पंजाबात बाळाला पहिला गोड थेंब चाखवतात त्याला गुढती म्हणतात. ज्याच्या बोटाने ती दिली त्याचा स्वभाव बाळाला येतो, अशी समजूत. हॉस्पिटलात हे कोणी केलं नव्हतं, तर चोप्राआंटींनी ठरवलं, आपण घरी करू. "आता कोणीतरी शांत, गोड स्वभावाचं शोधलं पाहिजे," त्या म्हणाल्या.

"माई देईल," मी म्हटलं.

"माई?" आंटी घाबरल्या. "बेटा, विचार कर. मुलगी आहे. उद्या सासरी जायचीय."

आईला पंजाबी येत नव्हतं आणि माईला मराठी. आईने माईला वाकून नमस्कार केला, माईने तिला मध्येच धरून छातीशी घेतलं. मग माईने करंगळी मधात बुडवली, 'वाहेगुरू' म्हटलं आणि बाळाच्या जिभेवर टेकवली. बाळाने ते बोट असं धरून चोखलं की सोडेना. "बघा, बघा," माई म्हणाली, "आत्तापासून मजुरी वसूल करतेय." आम्ही नाव रागिणी ठेवलं. आंटींचं भाकीत खरं ठरलं. मुलगी आता सहा वर्षांची आहे आणि तिच्यापुढे कोणाची बोलायची टाप नाही. मराठी तिला सगळं कळतं, पण भांडते पंजाबीत.

बाळंतपणानंतरही माझे काही दिवस वाईट गेले. बाळ कुशीत असताना, सगळं चांगलं असताना, दिवेलागणीला उगाच डोळे भरून यायचे. आई म्हणे, "असं रडू नये, दृष्ट लागते." माई मात्र असं काही बोलली नाही. आंटींकरवी निरोप धाडायची, "तिला सांग, परात घेऊन ये. पोर मी धरते." तंदुरापासून लांब, झाडाच्या बुंध्याशी ती रागिणीला मांडीवर घेऊन बसायची आणि तेवढा वेळ ओळ खोळंबायची. कोणी कुरकुर केली नाही.

त्याच सुमारास एके दिवशी गल्लीच्या तोंडाशी ट्रक थांबला आणि एक उंच सरदार उतरला. माईचा मुलगा, निर्मल. तो कलकत्त्याकडे ट्रक चालवायचा. माई सळई टाकून धावली आणि त्याच्या पाठीवर आधी दोन गुद्दे घातले, मग मिठी मारली. तेव्हा कुठे आम्हाला कळलं की जूनपासून तिला त्याचा काही पत्ता नव्हता. त्या दिवसांत पगडीवाला माणूस एकटा लांबच्या रस्त्यावर, आणि खबर नाही. माझी कणीक घेऊन ती माझा जिना चढली तेव्हाही नव्हती.

"माई, तू आम्हाला सांगितलं नाहीस?" मी विचारलं. "माझं तर गल्लीभर ओरडून सांगितलंस."

"तुझं सांगण्यासारखं होतं, तुझ्यावर उपाय होता," ती म्हणाली. "माझं सांगून काय? तुम्ही सगळ्या रडला असतात. मग रोट्या कोण खाणार?"

पुढची वर्षं पंजाबात कशी गेली ते वर्तमानपत्रात येतच होतं. बसमधून उतरवून माणसं मारल्याच्या बातम्या वाचायला नको वाटायचं. कोणाचा मुलगा लुधियान्याला, कोणाचा नवरा रोज बसने पटियाल्याला. संध्याकाळी तुतीखाली सगळ्यांचे कान रस्त्याकडे असायचे.

यंदा आमची बदली पुण्याला झाली. सामान बांधून झालं. काल शेवटचं म्हणून मी परात घेऊन गेले. एरवी मी चारपाईवर बसायची, काल मुद्दाम माईच्या शेजारी उभी राहिले, तिचे हात नीट बघून घ्यावेत म्हणून. आणि मला दिसलं. चोप्राआंटींची परात पुढे आली. माईने फडका काढला आणि गोळा मोडायच्या आधी कणकेवर आपली चार बोटं दाबली. मग ग्रेसची परात. तीवरही. मग नव्या भाडेकरूंची. प्रत्येक परातीवर चार बोटं, एक 'वाहेगुरू', आणि मग गोळे.

"माई, हे कधीपासून?"

"अगं, तुझ्या त्या जूनपासून," आंटीच म्हणाल्या. "तुला माहीत नव्हतं? आम्हाला वाटलं, तूच शिकवलंस."

माईने वर पाहिलंही नाही. "कोणाचं लेकरू कुठल्या रस्त्यावर आहे, मला काय ठाऊक?" ती म्हणाली. "चार बोटं टेकवायला माझं काय जातं?"

मी माझी परात पुढे सरकवली. माझ्या कणकेवर माझी बोटं उमटलेली होतीच. तिने त्यांच्या शेजारी आपली उमटवली.

"तुझा रस्ता लांबचा आहे," ती म्हणाली आणि पहिला गोळा हातावर घेतला.